फाटकाच्या वाटेतली दोन झाडं

झाड तोडण्याच्या परवानगीसाठी रांगेत उभ्या असलेल्या काकूंचा जप चालला होता. कान मात्र पुढच्या नणंद-भावजयींकडे लागले होते.

"वन्सं, नव्या फाटकासाठी एक झाड काढावंच लागेल. सीताअशोक की गुलमोहर?"

"गुलमोहर. कूळ दोघांचं शेंगांचंच, पण हा दूरच्या बेटावरून आलेला, आता रस्तोरस्ती दिसतो. अशोक इथल्या रानातला. औषधी सालीपायी लोकांनी विरळ केलाय."

"बेटावर गुलमोहराचंही रान घटतंय म्हणे. आणि बाहेरून आलेल्यानेच का जायचं?"

"अगं, मी झाडाचं बोलतेय!"

"सासूबाईंना शेवटपर्यंत त्याच्याच सावलीत बसवत होते मी."

"... फाटक मागच्या अंगाला काढलं तर?"

"वाट लांब पडेल, वन्सं."

"माहेरची वाट मला कधी लांब पडलीय का? चल, सोड ही रांग."