डोळे मिटा, पण सगळ्यांनी

एकवीस नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी धुकं, नऊनंतर कोवळं ऊन... वहीत लिहून ठेवलंय म्हणून सांगतो, नाहीतर माझ्या बोलण्यावर आमच्या घरातसुद्धा कुणी विश्वास ठेवत नाही. तर त्या दिवशी मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, फर्मान काढलं की तिसरीच्या बत्तीस पोरांना रोज दहा मिनिटं योग आणि ध्यान. शिकवणार कोण? मी! पडलेला खडू उचलायला वाकलो की वर यायला दोन बाकांचा आधार घेणारा मी, आणि पोरांना शिकवायचं काय, तर झाडासारखं एका पायावर उभं राहायला... माझं झाड पहिल्याच दिवशी फळ्यावर कोसळलं. पोरं खूश, परत पडा म्हणून मागे लागली, आणि मोठ्या बाई दारातून, अगदी मधाळ आवाजात, "श्वासाकडे लक्ष द्या, सर."

श्वासाकडे लक्ष द्या म्हणे! अहो, बत्तीस पोरं डोळे मिटून बसली की काय होतं, कल्पना आहे तुम्हाला? एकाला शिंक येते, दुसऱ्याला त्या शिंकेचं हसू येतं, आणि पहिल्या बाकावरचा वकील, त्याला आम्ही वकीलच म्हणतो, तक्रार घेऊन उभा, की सर, मागचा डोळे उघडे ठेवून बसलाय. मग तुला कसं दिसलं, बाबा?

पण तुम्हाला सांगतो, तीन आठवड्यांत बसली हो पोरं. एकतीस बसली. उरली खिडकीजवळची चिमणी. पाठ ताठ, मांडी झकास, आणि डोळे टक्क उघडे. गोडीनं सांगून झालं, दटावून झालं, काही नाही. तेवढ्यात मोठ्या बाई सांगून गेल्या, सोमवारी साहेब तपासणीला येतायत, डोळे न मिटणारी मुलं तेवढा वेळ ऑफिसात बसतील. चिमणी रडली नाही हो. तिनं मुकाट्यानं दप्तर भरायला घेतलं.

मी तिच्या बाकाशी उकिडवा बसलो. विचारलं, का गं नाही मिटत?

दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करत म्हणाली, "मागच्या वेळी मिटले होते, तर आई गेली."

आई तिची नर्स. लांबच्या शहरात नोकरी लागली, पोर रडेल म्हणून ती झोपेत असतानाच पहाटे निघाली. तेव्हापासून ही मावशीकडे, आणि दिवसभर पहाऱ्यावर... आता सांगा, मी कुणाच्या श्वासाकडे लक्ष देऊ?

म्हटलं, तू मीट, पहारा मी देतो. कुणी कुठं जाणार नाही.

"तुम्हीपण नाही?"

"मी कुठं जातोय, माझी कंबर अडकलीय इथं."

तिनं विचार केला. मग अट घातली, की पापणीसुद्धा मिटायची नाही. वकील लगेच मध्ये, पापणी लवली तर काय? म्हटलं, तू पकड मला. तर म्हणतो कसा, पण सर, माझे डोळे मिटलेले असणार ना!

सोमवार. साहेब कपाटाशी, हातात फॉर्म, शेजारी मोठ्या बाई. पोरांनी डोळे मिटले. चिमणीनं एक मिटला, दुसऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी टकटक बघतोय, डोळ्यांची आग होतेय, गालांवरून पाणी चाललंय, मागून बाई कुजबुजतायत, "श्वासाकडे लक्ष द्या, सर," आणि मी श्वासच धरून ठेवलेला... तिनं दुसराही मिटला. एक मिनिट गेलं, दोन गेली. गुडघ्यावरची आवळलेली मूठ हळूहळू सुटली. दहाव्या मिनिटाला घंटा झाली, तिनं डोळे उघडले, आधी मला शोधलं. मी होतो.

संध्याकाळी फॉर्म हातात आला, जसाच्या तसा वहीत उतरवलाय. सोळा डिसेंबर, हवा कोरडी. डोळे मिटलेले विद्यार्थी: बत्तीसपैकी बत्तीस. वर्गशिक्षक: पूर्ण वेळ डोळे उघडे, मन अस्थिर. शेरा: सरांना प्राथमिक ध्यानवर्गाला पाठवावे.

दोन जानेवारीपासून जातोय. रोज सकाळी सात ते आठ.