दोर कापायचा की नाही?

नाही, नाही, ते तत्त्वज्ञान राहू द्या बाजूला, तुम्ही मला आधी एवढंच सांगा, दोर कापायचा की नाही कापायचा? ...सांगा ना! बघा, बसलात गप्प. सगळे असेच गप्प बसतात, आणि लिहायची वेळ आली की बोट माझ्याकडे! अहो, आयुष्यभर मी रेडिओसाठी श्रुतिका लिहिल्या. नुसत्या आवाजावर माणसं रडवली, दार वाजवून घाबरवली, आणि आता या वयात कुणीतरी विचारलं, व्हिडिओ गेमचे संवाद लिहाल का, तर मी म्हटलं, लिहू की! आपल्याला काय, आपण लिहून द्यायचं! तिथंच फसलो.

तुम्हाला सांगतो, मला वाटलं होतं गेम म्हणजे काय, हाणामारी. कुणीतरी 'हा!' म्हणणार, कुणीतरी 'आई गं!' म्हणणार. 'आई गं' लिहायला असा कितीसा वेळ लागतो? पण ती कंपनी म्हणजे दोन खोल्या, एक जिना आणि दोन मित्र. शाळेत एका बाकावर बसलेले, कॉलेजात एका खोलीत राहिलेले, आणि आता एकाच भिंतीला पाठ लावून काम करणारे. एक चित्रं काढायचा. त्याच्या टेबलावर कप, कागद, वायरी, मोजे... हो, मोजे! मी मनातल्या मनात त्याचं नाव ठेवलं पसारा. दुसरा प्रोग्रॅमर. त्याच्या टेबलावर एक कीबोर्ड आणि तोंडात एक शब्द. तो तुटक.

पसाऱ्यानं मला गोष्ट सांगितली, हात पसरून, डोळे मिटून. "काका, दोन कैदी आहेत. एक चपळ, एक दांडगा. डोंगरावरच्या तुरुंगातून पळालेत. कमरेला एकच दोर, दोघांना बांधलेला. एकानं चढायचं, दुसऱ्यानं तोलायचं. सबंध खेळभर एकमेकांना ओढत न्यायचं, काका! आणि शेवटी येते दरी. पलीकडे मोकळं रान. चपळ्या उडी मारून जाऊ शकतो, पण दांडग्याचं ओझं घेऊन नाही. तर आता..."

"कापायचा," तुटक म्हणाला. मान वर न करता.

"कापायचा नाही!" पसारा म्हणाला.

झालं! तेव्हापासून जे सुरू झालं ते विचारू नका. तुटकाचं म्हणणं, गोष्ट स्वातंत्र्याची आहे. तुरुंगातून पळाले कशाला? सुटायला. मग सुटा! पसाऱ्याचं म्हणणं, गोष्ट मैत्रीची आहे. मित्राला दरीच्या काठावर सोडून जे मिळतं त्याला स्वातंत्र्य म्हणायचं, तर मग तुरुंग काय वाईट होता? मी म्हटलं, बाबांनो, दोन्ही ठेवा, खेळणाऱ्याला निवडू द्या, लाल बटण, हिरवं बटण. तर म्हणे, तसंच आहे काका, पण गोष्टीचा कल कुठंतरी हवा ना! आता कल म्हणजे काय, टेबलाचा पाय आहे का, खाली पुठ्ठा सरकवून द्यायला?

पण आपल्याला काय, आपण लिहून द्यायचं! लिहिलं. दोर कापला, चपळ्या मोकळ्या रानात नाचतोय. पसारा दिवसभर माझ्याशी बोलला नाही. बरं, बदललं. दोर कापत नाहीत, दोघं गळ्यात गळे घालून काठावर बसतात. तुटकानं वाचलं, कागद ठेवला आणि म्हणाला, "तुरुंगच." एक शब्द! मग मी डोकं चालवलं. म्हटलं, दोर कुजलेला निघतो! आपोआप तुटतो! कुणाचाच दोष नाही! तर तुम्हाला सांगतो, त्या दोघांचं तोवर एकदाही एकमत झालं नव्हतं, ते त्या क्षणी झालं. एका सुरात ओरडले माझ्यावर, "काका, ही पळवाट आहे!" आणि पसाऱ्याच्या तर डोळ्यांत पाणी, "माझा दोर कुजलेला नाही!"

त्याचा दोर! अहो, त्या दोराचं तरी काय सांगू! बाकीचा डोंगर त्यानं चटदिशी काढला, दरी काढली, रान काढलं, पण दोर काही संपेना. एकेक धागा, एकेक पीळ. रंगवायचा, पुसायचा, पुन्हा रंगवायचा. मी विचारलं, "अरे, खेळताना एवढं दिसतं का?" तर म्हणाला, "मला दिसतं ना." घरी आलो की बायको विचारायची, "तुमच्या दोराचं काय झालं?" मी म्हणायचो, "अजून ठरत नाही." त्यावर ती, "नसेल लागत तर आणा इकडे, ओले टॉवेल वाळत घालायला उपयोगी पडेल." हे आमच्या घरचं उत्तेजन!

आणि एक गंमत ऐका. एकदा मी पाणी प्यायला उठलो तर तुटक मागून आला. चक्क पूर्ण वाक्य बोलला! म्हणाला, "काका, चपळ्याला वाईट माणूस करू नका. जाणारा माणूस वाईटच असतो असं नाही." मी म्हटलं, बरं. घरी निघालो तर जिन्यात पसाऱ्यानं गाठलं. "काका, दांडग्याला रडका करू नका हं. मागे राहतो तो काही बावळट नसतो." मी म्हटलं, बरं बाबा! आता खरं तर तिथंच माझ्या टाळक्यात उजेड पडायला हवा होता. इतक्या श्रुतिका लिहिल्या, पण नाही पडला. मी आपला विचार करत होतो, यांना म्हणावं तरी काय, कागदावरच्या कैद्यांसाठी एवढा जीव टाकतात!

मग आला रेकॉर्डिंगचा दिवस. स्टुडिओ म्हणजे फडताळाएवढी खोली, भिंतींना स्पंज, आणि आवाज येतो म्हणून एसी बंद. काचेपलीकडे रेकॉर्डिंग करणारी बाई आणि तिच्या शेजारी मी, कानाला हेडफोन लावून घामाघूम. आणि आवाज देणारे दोन नट? एकाचा घसा बसला, दुसरा विमान चुकून भलत्याच गावी अडकला! स्टुडिओ तर घेतलेला. पसारा म्हणाला, "आम्हीच वाचतो, काका. नुसतं कच्चं. लांबी तरी कळेल." म्हणजे तुटक झाला चपळ्या, पसारा झाला दांडगा, आणि दोघं मायक्रोफोनसमोर उभे, हातात माझे कागद, दोन्ही शेवटांचे.

काय वाचन, काय वाचन! पसारा असा वाचत होता जसा शाळेत पाहुण्यांपुढे कुणाला तरी उभं करतात... "दोर... काप... मित्रा... माझी... काळजी... नको... करूस." आणि तुटक? फोन नंबर सांगतोय असं वाटावं! माझी वाक्यं हो ती! रक्त आटवून लिहिलेली! मी कपाळाला हात लावून बसलो. आणि आलं ते वाक्य, चपळ्याचं, सगळ्या खेळाचं शिखर. 'मित्रा, तुझ्यावाचून मला स्वातंत्र्य नको!' मी डोळे मिटले. म्हटलं, निदान हे एक तरी नीट म्हण रे बाबा!

हेडफोनात नुसता कागद चाळल्याचा आवाज.

मी माइकचं बटण दाबलं. "काय झालं? शब्द अवघड आहे का?"

"शब्द नाही," तुटक म्हणाला. "खोटं आहे. मला म्हणता येत नाही. मला हवंय."

"काय हवंय?" पसाऱ्यानं विचारलं.

"मी जातोय."

पसारा पानं उलटायला लागला. "हे कुठाय? काका, कुठलं पान?" आणि तुम्हाला सांगतो, मी! मीसुद्धा पानं उलटायला लागलो! मला वाटलं, एखादा जुना खर्डा मध्येच घुसला की काय!

"पानात नाही," तुटक म्हणाला. "दुसरीकडे काम घेतलंय. परदेशात. हा खेळ बाहेर पडला की जाणार." आणि मग तो माणूस, जो दिवसाला चार शब्द बोलायचा, तो बोलतच सुटला. "शाळेपासून बघ, तू पुढे, मी मागे. तू ठरवायचंस, मी जमवायचं. मला आवडायचं ते, नाही असं नाही. पण तुझ्याशिवाय मला काय जमतं, हेच मला माहीत नाही रे. एकदा बघायचंय. तोंडावर सांगायची हिंमत होत नव्हती. म्हटलं, खेळातून सांगावं. तर तू दोर रंगवत बसलास."

बाईनं माझ्याकडे बघितलं, मी बाईकडे. बंद करू का, असं तिनं खुणेनं विचारलं. गोंधळून मी नुसता हात वर केला, आणि ती समजली, चालू ठेवा. आता याला काय म्हणणार?

मग पसारा अगदी हळू म्हणाला, "मला माहीत होतं."

"काय?"

"तुला फोन आला की तू जिन्यात जाऊन बोलायचास. तू! जो घरच्यांचा फोनसुद्धा टेबलावर घेतोस. म्हणून तर रंगवत बसलो होतो. दोर होत नाही तोवर खेळ होत नाही, आणि खेळ होत नाही तोवर तू इथं."

अहो, त्या एसी बंद असलेल्या खोलीत माझ्या अंगावर काटा आला! काचेपलीकडे ते दोघं उभे, वाढलेले बाप्ये, हातात माझे कागद, आणि एकमेकांकडे बघायची सोय नाही म्हणून दोघंही माइककडे बघतायत.

"मग विचारलं का नाहीस?" तुटक म्हणाला.

"विचारलं असतं तर तू राहिला असतास."

"राहिलो असतो."

"आणि जन्मभर त्या खुर्चीत बसून मला शिव्या घातल्या असत्यास."

"मनात," तुटक म्हणाला. आणि पसारा फस्सकन हसला, आणि हसता हसता त्यानं बाहीनं नाक पुसलं. म्हणाला, "जा रे. पण कापू नकोस. गाठ मी सोडतो. कापला की तुकडे होतात, सोडला की अख्खा राहतो."

आता हे वाक्य बघा! 'कापला की तुकडे होतात, सोडला की अख्खा राहतो!' मी त्या दोरापायी डोक्याचे केस उपटले, रात्रंदिवस तेच, आणि हा पठ्ठ्या नाक पुसता पुसता बोलून गेला! आणि वर दोघं काचेतून माझ्याकडे बघून काय म्हणाले असतील? "काका, आता हे तुम्ही नीट लिहून द्या ना!"

मी म्हटलं, "नाही."

पहिल्यांदा! सगळ्या आयुष्यात पहिल्यांदा! म्हटलं, "याला मी हात लावणार नाही. आहे ते आहे. 'परदेशात' तेवढं काढा आणि 'रानात' घाला, खुर्चीच्या जागी तुरुंग घाला, शाळा, काम, फोन, जिना, रंग, खेळ काढा, तेवढे शब्द पुन्हा म्हणा, बाकी कानामात्रा बदलायची नाही." आणि तस्संच ठेवलं. नटांना सांगून टाकलं, येऊ नका, आवाज या दोघांचेच राहतील. लाल बटण गेलं, हिरवं गेलं. खेळाच्या शेवटी आता दांडगा गुडघ्यावर बसतो आणि बोटांनी गाठ सोडतो. सुटता सुटत नाही ती, पसाऱ्यानं मुद्दाम तशी काढलीय.

खेळ बाहेर पडला, तुटक गेला. पसारा त्याला विमानतळावर सोडून थेट ऑफिसात आला आणि त्यानं काय केलं असेल? टेबल आवरलं! तुम्हाला सांगतो, ते स्वच्छ टेबल मला बघवेना. मीच हळूच एक कप ठेवून आलो. आता दोघं फोनवर बोलतात म्हणे, पण भांडतातच जास्त. पसारा सांगतो, "त्याला तिकडे सगळं जमतंय, काका." आनंदानं सांगतो की कसा, ते अजून मला कळलेलं नाही. आणि जगभरचे लोक काय लिहितायत? की बाकी संवाद ठीक, जरा जुन्या वळणाचे, पण तो शेवटचा प्रसंग! काय तो लेखक! माणसाच्या काळजात उतरून लिहिलंय!

बसा आता बोंबलत! करू काय? पत्रक काढू, की तेवढं सोडून बाकीचं माझं आहे म्हणून?

परवा बायकोनं भाचीला बसवून सगळा खेळ बघितला. शेवटचा प्रसंग आला तशी उठून आत गेली, तोंड धुऊन आली. म्हणाली, "इतकी वर्षं तुम्ही लिहिताय, पण तुमचं लिहिलेलं ऐकून मला आज पहिल्यांदा रडू आलं हो."

आता पहिल्यांदा! म्हणजे त्या श्रुतिका, ती दारं, तो पाऊस... जाऊ द्या. आता तुम्हीच सांगा, खरं बोलून कुणाचं भलं झालंय? मी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि म्हटलं...

"हं. जमून गेलंय खरं जरा."