पिवळा मॉनिटर

(जालन्यात महेबूबभाईचं कॉम्प्युटरचं दुकान. २००५ साल, दिवाळीच्या अलीकडचे दिवस. राजूरचे दोघं चुलत भाऊ-बहीण, उद्धव आणि सत्यशीला, काउंटरवर मांडलेल्या सुट्या भागांसमोर उभे आहेत.)

उद्धव: अन् ग्राफिक कार्ड? ते काऊन बाजूला ठिवलं तुम्ही?

महेबूब: मी न्हाई ठिवलं. तुझी बहीण म्हणली, पहिले बाकीचं बघू.

उद्धव: कार्डाशिवाय बाकीचं बघून काय करायचं? सत्या, आख्खा हंगाम कपाशीच्या बियाण्याच्या प्लॉटवर मजुरीनं क्रॉसिंग केलं आपण. फुलं चोळू चोळू बोटं पिवळी झाली. ते काय टाइपिंग शिकायला? कार्ड न्हाई टाकलं तं ती नवी गाड्यांची शर्यत चालायचीच न्हाई. चालली तरी अशी चालंल की बैलगाडी बरी.

सत्यशीला: माहीत आहे मला. ओरडू नको.

उद्धव: ओरडून न्हाई राह्यलो. बोलून राह्यलो.

महेबूब: देखो, माझं ऐका. पेंटियम फोरचा बोर्ड, रॅम, चाळीस जीबीची हार्ड डिस्क, पंधरा इंची मॉनिटर, हे कॅबिनेट. जोडायचं काम तुम्ही घरी करनार, म्हंजे माझी मजुरी वाचली तुमची. आता कार्ड घेतलं तं यूपीएस ऱ्हातो. यूपीएस घेतला तं कार्ड ऱ्हातं. राजूरला लाइट किती येळ असती?

उद्धव: असती तवा असती.

महेबूब: मंग यूपीएस घ्या. ऐन खेळात लाइट गेली अन् हार्ड डिस्क बसली, तं तूच येऊन भांडशील माझ्याशी.

उद्धव: भांडंन तवा भांडंन. कार्ड टाका.

सत्यशीला: महेबूबभाई, ह्याची दोन बिलं करता येतील का? अर्ध्या वस्तू माझ्या नावावर, अर्ध्या ह्याच्या.

महेबूब: दोन बिलं? बेटा, काम्पुटर तं एकच हाये.

सत्यशीला: एकच आहे, तीच तर अडचण आहे.

उद्धव: त्यायला कशाला सांगती घरचं?

सत्यशीला: नाही सांगितलं तर ते बिल कसं करतील? महेबूबभाई, येत्या बेस्तरवारी आमच्याकडं वाटणी आहे. माझे तात्या अन् ह्याचे आबा, सख्खे भाऊ. पंच बसणार. घरातली एकूण एक वस्तू अंगणात मांडणार. तोवर घरात जे आलं ते सामायिक. हा कॉम्प्युटर नेला तर हाही मांडतील.

महेबूब: काम्पुटर बी?

उद्धव: तुम्ही काय घेऊन बसलात. काल नुसतं बोलनं झालं, तरी पाटा त्यायच्याकडं अन् वरवंटा आमच्याकडं ठरला. आज सकाळी दोन्ही घरी चटणी न्हाई. आमची आई वरवंटा घेऊन बसली व्हती कोपऱ्यात, लेकरावानी.

महेबूब: मंग बेस्तरवार जाऊ द्या. जुम्म्याला या.

सत्यशीला: आलो, तरी ठेवायचा कोणाकडं? ओसरीच्या मधोमध भिंत होणार आहे. विटा येऊन पडल्यात.

महेबूब: भिंत झाली तं झाली. ह्या दारातून निघायचं, त्या दारातून आत जायचं. दोन पावलं.

उद्धव: आबानं सांगितलं हाये, त्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं न्हाई. हिच्याशी बोलताना दिसलो तं म्हणले, तूबी तिकडंच ऱ्हाय. आज एसटीत ही पुढं बसली, मी मागं. गावचे लोक व्हते ना. जालन्याला उतरलो तवा पहिला शब्द बोललो.

सत्यशीला: म्हणून मी विचार केलाय. उद्धव, इकडं बघ. आपल्यात कशी रीत आहे? थोरल्याकडच्यानं वाटे पाडायचे, धाकट्याकडच्यानं आधी उचलायचं. तात्या थोरले, म्हणजे वाटे मी पाडते. हा एक, कॅबिनेट, बोर्ड, प्रोसेसर, रॅम. हा दुसरा, मॉनिटर, हार्ड डिस्क, कीबोर्ड, माऊस आणि तुझं कार्ड. किमतीला जवळपास सारखे. उचल.

महेबूब: पर बेटा, ह्यातला एकबी वाटा चालू न्हाई व्हनार.

सत्यशीला: मुद्दामच तसे पाडलेत. चालू करायचा तर दोघांना एका जागी यावंच लागेल.

उद्धव: कोण येऊ देईल?

सत्यशीला: येऊ काहीतरी करून.

उद्धव: पाटा जातो का वरवंट्याकडं? सांग ना. तुझ्याकडं काच पडंल अन् माझ्याकडं डबा. वरून तुझी आई वाकळ झाकंल त्याच्यावर. मला न्हाई उचलायचं.

सत्यशीला: अरे, पहिला मान तुझा आहे.

उद्धव: मान! ह्या मानानंच वाटोळं केलं आमचं.

सत्यशीला: म्हणजे?

उद्धव: काही न्हाई. कार्ड परत दे त्यायला. चल.

सत्यशीला: उद्धव, म्हणजे काय?

उद्धव: मोसंबीची बाग वाटली त्या साली तू कुठं व्हती?

सत्यशीला: होस्टेलला. बदनापूरला.

उद्धव: मी व्हतो तिथं. बांधावर बसलो व्हतो. मोठ्या तात्यानं वाटे पाडले. एक विहिरीकडचा, एक माळाकडचा. अन् म्हणले, धर्मा, उचल, तुझा मान. आता सांग, थोरल्या भावाच्या तोंडासमोरून विहीर कशी उचलावं मानसानं? आबानं माळाकडं बोट दाखवलं.

सत्यशीला: हो. तात्या तेच सांगतात. त्यानं स्वतःच्या तोंडानं माळ मागितला, आता माझ्यावर का रुसतो म्हणून.

उद्धव: रुसतो कारण आबाला वाटलं व्हतं, दादा म्हणंल, 'ते ठेव रे, हे घे.' एवढंच. आबा मला म्हणले, मी घेतलं नसतंच. देवाशप्पथ न्हाई म्हणलो असतो. पण त्यानं म्हणायला पायजे व्हतं. मोठे तात्या उठले अन् धोतर झटकून चालायला लागले.

सत्यशीला: हे मला कोणी सांगितलं नाही.

उद्धव: मंग तो दुष्काळ. तुमच्या झाडाला विहिरीचं पाणी भेटत राह्यलं. आमच्यायला टँकर पुरला न्हाई. आबानं स्वतः कुऱ्हाड लावली. त्या दिसापासून तात्याचं नाव घेत न्हाईत. 'ते' म्हणतेत.

महेबूब: चहा सांगू का? मी सांगतोच. तुम्ही बोला.

सत्यशीला: तात्यांना कळलंच नसेल रे. त्यांना रीत म्हणजे रीत. धाकट्यानं उचललं, झालं. मनात काय आहे ते विचारायचं, हे त्यांना येतच नाही. आईलाही कधी विचारलं नाही त्यांनी.

उद्धव: आबाला तरी कुठं तोंड व्हतं? बोलले असते तं भिंतच काऊन लागली असती.

सत्यशीला: मला भिंतीचं काही वाटत नाही, उद्धव. खरंच. दोन चुली तर कधीच्या झाल्या. मला एकाच गोष्टीची भीती वाटते. पुढं तूही तुझ्या लेकरांना असंच सांगशील, सत्याच्या बापानं असं केलं. आणि मी माझ्या लेकरांना सांगेन, उद्धवच्या बापानं स्वतःच मागितलं. आणि ती लेकरं एकमेकांना ओळखणारही नाहीत.

उद्धव: माह्या डोक्यात तेच हाये. म्हणून तं कार्ड कार्ड करून राह्यलो. म्हणलं, एवढी भारी वस्तू घरात असली तं तू येशीलच. तात्या नको म्हणले तरी येशील.

सत्यशीला: वेडा आहेस.

उद्धव: हाये.

महेबूब: चहा घ्या. गार व्हतो.

सत्यशीला: महेबूबभाई, भोकरदनच्या कॅफेत आम्ही दोघं दोन कॉम्प्युटरवर बसतो. तरी शर्यत एकच असते. हा पुढं जातो, मी मागून येऊन धडक मारते.

उद्धव: मुद्दाम मारती. वळणावर.

सत्यशीला: ते दोन कॉम्प्युटर वायरनं जोडलेले असतात ना?

महेबूब: हां. लॅनची वायर. दोनच असले तं मधी वायरी जोडायचा डबाबी लागत न्हाई, क्रॉस केबल सरळ ह्याच्यातून त्याच्यात.

सत्यशीला: भिंतीतून जाते?

महेबूब: भोक ठिवलं तं कुठूनबी जाती. पर त्याला दोन काम्पुटर लागतेत.

सत्यशीला: आमच्या पैशात दोन होतील का?

महेबूब: नवे? बिलकुल न्हाई. जुने व्हतील. एका हापिसातून निघालेले पेंटियम थ्रीचे बोर्ड पडले हायत माझ्याकडं. जोडी हाये, दोन्ही चालू, मी स्वतः तपासलेत. दोन कॅबिनेट, दोन जुने मॉनिटर, दोन लॅन कार्ड. हिशेबात बसंल. पर आत्ताच सांगतो, मंग गऱ्हानं नको. हे ग्राफिक कार्ड विसरायचं. ती नवी शर्यतबी विसरायची. ह्याच्यावर तिच्या आधीची चालंल, दोन-तीन वर्सं जुनी. त्याच्यात गाडीवर ऊन चमकत न्हाई अन् पानी पडलं तं काचंवर थेंब दिसत न्हाई.

सत्यशीला: उद्धव, तू सांग. कार्ड तुझं स्वप्न आहे. मी जबरदस्ती करणार नाही.

उद्धव: जरा थांब.

सत्यशीला: थांबले.

उद्धव: महेबूबभाई, त्या जुन्या शर्यतीत मागून धडक मारता येती का?

महेबूब: येती ना. जादाच लागती.

उद्धव: तुम्ही ते कार्ड कपाटात ठिवून द्या.

महेबूब: वा. सकाळपासून विकायला बसलो एक नवीन मशीन, अन् गेलं माझं भंगार. चांगला धंदा झाला माझा.

सत्यशीला: राग आला का?

महेबूब: राग कायचा. भंगारच जात नव्हतं. दोन बिलं करतो. आता बराबर हाये, एक तुझं, एक त्याचं. कोनी सामायिक म्हणलं तं बिल दाखवा. भिंत कोन बांधतंय?

उद्धव: गवंडी, सगुणामावशीचा मालक. विटा मावशीच वाहती. तिला सांगतो, खालच्या थराला पाइपाचा तुकडा दाबून ठिव म्हणून. तिकडून हिची कोठी हाये ज्वारीची, तिच्यामागं निघंल.

महेबूब: अन् तुमच्या वडलांनी पाह्यलं तं?

उद्धव: म्हणंन लाइटची वायर हाये.

सत्यशीला: नाही. खोटं नाही बोलायचं. कोणी विचारलं तर सांगायचं, ही उद्धवकडं जाते.

उद्धव: तात्या उपटून फेकतील.

सत्यशीला: तात्या रागावले की उठून शेतात जातात. उपटत काही नाहीत. आणि उपटली तर तू दुसरी आण.

उद्धव: यूपीएसचं काय?

महेबूब: आता यूपीएसला पैशे कुठं? जाऊ दे. दोन्ही घरची लाइट संगंच जाईल. कोनी जिंकलं न्हाई म्हणायचं अन् जेवायला बसायचं.

सत्यशीला: बोर्ड मी जोडीन दोन्हीकडचे. कॉम्प्युटरच्या कोर्समध्ये खोलून-जोडून झालेत. काकू मला आत येऊ देतील ना?

उद्धव: आई? तुला पाहून पहिले रडंल, मंग वरवंटा देईल हातात. तिचा जीव अडकला हाये पाट्यात.

महेबूब: वायर किती कापू?

उद्धव: भिंत नऊ इंचाची हाये.

महेबूब: अरे, भिंतीचं न्हाई इचारलं. टेबलापासून टेबलापर्यंत.

सत्यशीला: वीस फूट द्या. जास्त राहिली तर गुंडाळून ठेवू.

महेबूब: हे घ्या. दोन्ही टोकाला पिना मारल्या. कॅबिनेट दोन्ही एकसारखे हायत, त्याच्यात काही बघायचं न्हाई. मॉनिटरमधी फरक हाये, सांगून ठिवतो. हा एकदम साफ. अन् हा जरा पिवळा मारतो, जुनं झालं की तसं व्हतं. चालायला पक्का हाये, पर आभाळ मातकट दिसंल.

उद्धव: सत्या, वाटे पाड.

सत्यशीला: पाडायचं काय त्यात? हा एक, हा एक.

उद्धव: तरीबी म्हण. रीत हाये.

सत्यशीला: बरं. हे दोन वाटे. धाकट्याकडचा तू. उचल, तुझा मान.

उद्धव: हा घेतो.

महेबूब: अरे, तो पिवळा हाये, बाबा. आत्ताच तं सांगितलं.

उद्धव: ऐकलं. हाच घेतो.

सत्यशीला: ते ठेव रे, उद्धव. हे घे.

उद्धव: नको. मला पिवळाच चालतो.