पहिल्या नंबरची गुडघेदुखी

मैसूरला बदली होऊन आल्यापासून सिंधूला बाहेर कुठे मराठी ऐकू आलं ते थेट फिजिओथेरपीच्या दवाखान्यात. आखडलेली मान धरून ती बसली होती. मागच्या बाकावर नणंद-भावजयींची जुंपली होती.

“सुप्रीता, तुझ्या लेकीला सांग, मामीला आता एकच गुडघा उरलाय. लग्न रविवारी आणि हिचं पुन्हा नाचाचं गाणं बदललं?”

“मी काय करू, वहिनी? ते घसरलं म्हणे खाली.”

“अय्यो, परवा तर एक नंबरला होतं!”

“ते त्याच्या आधीचं.”

“मग ज्याच्यात मी गिरकी घेऊन खाली बसले आणि उठलेच नाही, ते?”

“ते दुसरं. तुम्हाला उठवेपर्यंत तिसरं वर आलं.”

“गाणी आहेत का दोसे? एक तव्यावरून उतरतो न उतरतो, तोच दुसरा घालायचा!”

“जुन्यावर नाचलं तर पाहुणे हसतात, म्हणते अवनी.”

“हसू देत. साकू, साकू! पुरे झालं बाई! मी खुर्चीत बसून टाळ्या वाजवीन. पहिल्या गाण्याचं तर मला आता काही आठवतही नाही.”

तेवढ्यात सिंधूचा फोन वाजला.

“वहिनी, हे आपलं पहिलं गाणं!”

“श्श, हळू. ते घसरल्याचं बिचारीला कुणी सांगितलेलं दिसत नाही.”

सिंधूने ओशाळून फोन बंद करायला बोट नेलं. मागे चपला तालात वाजू लागल्या होत्या. तिने बोट मागे घेतलं.

“अहो वहिनी, गुडघा!”

“गप गं. आता गिरकी येते.”