अक्कांचं ‘बंद’

घाई करू नकोस, असं मला सगळेच सांगतात. पण पटलं ते आमच्या घरमालकिणीचा टीव्ही बिघडल्यावर. शांताक्का मूळच्या सीमेजवळच्या दुधनी गावच्या, आता शहरात सात रस्त्याजवळ राहतात. त्यांचा मुलगा बसू टीव्हीवरच्या शेतीच्या कार्यक्रमात शेळ्यांविषयी बोलणार होता आणि नेमका तेव्हाच आवाज तुटायला लागला, चित्राचे चौकोन व्हायला लागले. मी गच्चीवर डिशची छत्री फिरवायला गेलो. अक्का टीव्हीसमोर बसून खालून सूचना देत होत्या. मला त्या तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणतात.

“जरा हिकडं... नको, तिकडंच बरं हुतं... थांब की तम्मा!”

“अक्का, भाषण नको. एका शब्दात सांगा!”

मी छत्री आणखी थोडी वळवली. खालून आरोळी आली, “बंद! बंद!”

टीव्ही बंद पडला असं समजून मी छत्री झटक्यात उलटी फिरवली. मग कठड्यावरून वाकून विचारलं,

“काय झालं, अक्का?”

“आरं, आमच्या कानडीत बंद म्हंजे आला! माजा बसू आलता की!”

मी घाईघाईनं छत्री परत वळवली. “आणि आता?”

“आता तुमच्या मराठीतलं बंद.”