गरीब भाऊ

दिल्लीत, सरोजिनी नगरच्या सरकारी दवाखान्यात, औषधांच्या रांगेत पुढे दोन म्हातारी माणसं चक्क मराठीत बोलत होती. मागे उभ्या कुमुदने कान टवकारले.

“सरलाबाई, डुकरांच्या घशातले आपले ते दोन जंतू आठवतात?”

“बिल्कुल, सर! सख्खे भाऊच ते. एक पिल्लं मारायचा, दुसरा गपचूप राहायचा. थंडीत लाइट गेली की ऊब राहावी म्हणून मी दोघांच्या नळ्या शालीत गुंडाळायचे.”

“आपल्या जुन्या लॅबमधून फोन होता. मारणाऱ्याकडे जास्तीचं काय आहे, ते शोधतायत. ताडून बघायला गरीब भाऊ हवाय.”

“तो तर तुम्ही फेकायला सांगितला होता.”

“काहीच करत नाही म्हणून! गाढवपणा माझा.”

“फ्रीजरचा खालचा कप्पा बघायला सांगा. मी नव्हता फेकला.”

“आणि इतकी वर्षं कुणी हात लावला नाही?”

“त्याच्या नळीवर मी ‘अतिघातक’ लिहिलंय ना! नाहीतर कुणी ठेवला असता त्याला, सर?”