दुधाच्या रांगेचा जमाव

'जमाव' हा शब्द माझ्यासमोर कोणी सहज उच्चारला, तर आजही माझे डोके तापते. त्याचे कारण ऐका. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत लालबागला जमावबंदी होती. माझा धाकटा भाऊ दत्तू सकाळी बाटल्या घेऊन दुधाच्या केंद्रावर उभा असताना पोलिसांनी त्याला उचलले. गुन्हा नोंदला गेला, तर त्याची गिरणीतील नोकरी जाणार होती. मी चौकीवर धावलो. फौजदार जबाब लिहीत होते, 'सदर इसम जमावात सामील होता.'

मी म्हणालो, "साहेब, ती रांग होती."

"पाच माणसं एकत्र आली की जमाव."

"रांगेत सर्वांची तोंडे एकाच दिशेला असतात."

"मोर्च्यातही असतात, मास्तर."

"मग या खोलीत आपण सातजण आहोत, त्याचे काय?"

"आम्ही जमाव नाही. आम्ही बंदोबस्त."

हवालदार खदखदून हसले. दत्तू कुजबुजला, "अण्णा, राहू दे, मी सही करतो." मी त्याच्या हातातला टाक घेतला, 'जमाव' खोडला आणि वर सुवाच्य अक्षरांत 'रांग' लिहिले.

फौजदार थंडपणे म्हणाले, "सरकारी कागदावर खाडाखोड? चल, तूही बस आत."

गुन्हा नोंदला गेला आणि दत्तूची नोकरीही गेली. परंतु त्या दिवशी कोठडीत आधीच एकोणीस माणसे कोंबलेली पाहून मी गज धरून ओरडलो, "फौजदारसाहेब, येथे एकवीस माणसे एकत्र आली आहेत. पांगवा हा जमाव!"